शिस्त हवीच, पण तराजू एकच हवा

एखाद्या क्रिकेटपटूच्या मैदानाबाहेरच्या वागण्याची बातमी आली की नांदेड-लातूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच निकाल लागतो. खेळाडू मुसलमान असेल तर आपल्या ग्रुपवर तो निर्दोष असतो आणि दुसऱ्या ग्रुपवर गुन्हेगार. आरोप काय, पुरावा काय आणि निर्णय कोणी द्यायचा, हे तीन प्रश्न दोन्हीकडे कोणी विचारत नाही.

आधी मुंबईच्या अंकित चव्हाणचे प्रकरण पाहू. मे 2013 मध्ये दिल्ली पोलिसांनी राजस्थान रॉयल्सच्या श्रीशांत, अजित चंडिला आणि अंकितला स्पॉट-फिक्सिंगच्या आरोपाखाली अटक केली. मकोका लावला. सप्टेंबरमध्ये बीसीसीआयने श्रीशांत आणि अंकितवर आजीवन बंदी घातली. जुलै 2015 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केले, पण बंदी तशीच राहिली. श्रीशांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. मार्च 2019 मध्ये न्यायालयाने सांगितले की फौजदारी खटला वेगळा आणि मंडळाची शिस्त वेगळी. मंडळाला कारवाईचा अधिकार आहे, पण शिक्षा किती याचा फेरविचार करावा. त्याची बंदी सात वर्षांवर आली. अंकितला तोच न्याय 2021 मध्ये मिळाला. म्हणजे सात वर्षे सप्टेंबर 2020 मध्येच संपली होती, निर्णय नंतर आला. शिस्तीचा अधिकार मान्य केला तरी शिक्षेला माप हवे आणि निर्णयाला मुदत हवी.

आता दुसरी बाजू. जानेवारी 2019 मध्ये हार्दिक पांड्या आणि के. एल. राहुल टीव्हीवर महिलांबद्दल अशोभनीय बोलले. काही दिवसांत दोघे निलंबित झाले, दोन आठवड्यांत निलंबन उठले आणि एप्रिलमध्ये प्रत्येकी 20 लाखांचा दंड झाला. त्याआधी मार्च 2018 मध्ये मोहम्मद शमीच्या पत्नीने घरगुती हिंसाचाराची तक्रार केली होती. शमीने आरोप नाकारले. मंडळाने त्याचा करार रोखला, पण चौकशी केली ती फिक्सिंगची. त्यात तो निर्दोष ठरताच करार मिळाला. हिंसाचाराच्या तक्रारीचे खरे-खोटे न्यायालय ठरवेल. पण टीव्हीवरच्या बोलण्याला दंड होतो आणि घरातल्या मारहाणीच्या तक्रारीसाठी मंडळ स्वतः काही विचारतही नाही, हा तराजू कसला? आपणही तेव्हा शमीच्या बाजूने किंवा विरोधात बोललो. तक्रार करणाऱ्या बाईचे ऐकून घ्यायला हवे, असे किती जण म्हणाले?

मी सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती सक्तीची आहे. दोन्ही बाजू ऐकायच्या, 90 दिवसांत चौकशी संपवायची आणि अपिलाची सोय ठेवायची. अंमलबजावणीत त्रुटी असतात, पण नियम आधीच लिहिलेला असतो. आरोपी कोण हे पाहून तो बदलत नाही.

शिस्तीलाही हद्द असते. मार्च 2025 मध्ये रमजानमध्ये शमी सामन्यादरम्यान पेय पिताना दिसला आणि आपल्यातल्याच एका मौलानांनी त्याला गुनहगार ठरवले. रोजा हा बंदा आणि अल्लाह यांच्यातला मामला आहे. तिथे ना मंडळाचे काम, ना मोहल्ल्याचे. तसेच ऑक्टोबर 2021 मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या पराभवानंतर त्याच्यावर झालेला गद्दारीचा आरोप ही शिस्त नव्हती, तो द्वेष होता.

मित्रांनो, बीसीसीआयला बदलणे आपल्या हातात नाही. पण नांदेड, लातूर, उदगीर, देगलूरमध्ये टेनिस-बॉलच्या स्पर्धा आपणच भरवतो, संघ आपणच चालवतो. तिथे एक पानाचा नियम लिहा: शिवीगाळ, मारामारी, सट्टा, मुलींची छेड यांवर काय कारवाई, तक्रार कोणाकडे, किती दिवसांत निर्णय आणि अपील कुठे. स्पर्धेआधी तो सर्व कर्णधारांकडून सही करून घ्या. मग चूक आयोजकाच्या भावाने केली तरी तोच नियम लावा. सूरह निसाची 135 वी आयत स्वतःच्या आणि नातलगांच्या विरोधातही इन्साफवर उभे राहायला सांगते. आपल्याशी इन्साफ व्हावा ही मागणी करताना आपल्या मैदानावर तो आधी दिसला पाहिजे.