हाकेला ओ

गुरुवारी दुपारी एक ते तीन या वेळात राहाता ते शिर्डी या पट्ट्यातल्या कोणत्याही हॉटेलच्या भटारखान्याच्या दाराशी उभे राहावे. आत काय चालले आहे ते दिसण्याआधी ऐकू येते. ‘दोन जैन, एक रेग्युलर!’ ‘तीन नंबरला जोडी लाव!’ ‘पनीर आउट!’ ‘पार्सल कुणाचंय?’ या गदारोळात मधूनच ‘गरम, गरम!’ अशी एक हाक उठते आणि विरून जाते. तिच्यामागून उकळत्या रश्श्याचे पातेले येत असते. कुणी सरकते, कुणी सरकत नाही.

भटारखान्याची बोली हा आपल्या धंद्यातला गमतीचा विषय मानला जातो. कटिंग, सॅम्पल, तर्री, कट हे शब्द आता गिऱ्हाइकाच्याही तोंडी आहेत. आतले शब्द मात्र आतच राहतात. ‘लोड आला’ म्हणजे गर्दी उसळली. ‘खाडा’ म्हणजे गैरहजेरी. ‘उचल’ म्हणजे आगाऊ घेतलेला पगार, आणि ‘पळाला’ म्हणजे ती उचल घेऊन न सांगता गेलेला माणूस. अमेरिकेतल्या भटारखान्यात ‘पनीर आउट’ला, म्हणजे जिन्नस संपल्याला, ‘एटी-सिक्स’ म्हणतात. १९३३ साली तिथल्या सोडा-फाउंटनवरच्या पोऱ्यांच्या बोलीत तो शब्द नोंदवला गेला. पण तो आला कुठून, यावर तिकडचे लोक अजून भांडतात. ही सगळी मौज खरी आहे. या अंकात मात्र या मासिकाला बोलायचे आहे ते त्याच बोलीतल्या धोक्याच्या हाकांविषयी, कारण त्या चुकल्या तर अंग भाजते.

पहिली अडचण अशी की आपला सर्वांत महत्त्वाचा इशारा हाच भटारखान्यातला सर्वांत वापरून झिजलेला शब्द आहे. ‘भाजी गरम कर’, ‘गरम रोटी दे’, ‘साहेबांना गरम पाणी हवंय’, ‘तवा गरम झाला का?’ असे दिवसभर चालू असते. हजार वेळा ऐकलेला शब्द हजार-एकाव्या वेळी कान टवकारायला लावील, ही अपेक्षाच चूक. ‘गॅस’चेही तेच. ‘गॅस बारीक कर’ हे वाक्य मिनिटामिनिटाला कानावर पडणाऱ्या जागी नुसते ‘गॅस, गॅस!’ ओरडून गळती कळत नाही.

शिर्डीच्या हवेत आणखी एक शब्द आहे. ‘साईराम’ म्हणजे नमस्कार. ‘साईराम’ म्हणजे वाट द्या. अनोळखी माणसाला हाक मारायची तरी ‘साईराम’च. गावाला हे शोभून दिसते. पण हातात तेलाची कढई असताना ‘साईराम, साईराम’ म्हणत वाट काढली, तर समोरच्याला कढई येतेय की मालक येतोय हे कळायला मार्ग नाही.

एका शब्दाला एकच अर्थ का हवा, हे विमानवाल्यांना फार मोठी किंमत मोजून उमगले. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. मनोऱ्यातून आलेले एक मोघम ‘ओके’ आणि उड्डाण हा शब्द वैमानिक आणि मनोरा यांनी वेगवेगळ्या अर्थाने घेणे, हे त्या अपघाताच्या कारणांपैकी होते. त्यानंतर संभाषणाचे नियम कडक झाले. उड्डाणासाठीचा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच वापरायचा आणि मिळालेली सूचना वैमानिकाने तशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, अशी शिस्त बसली. भटारखान्यात जंबो विमाने नसतात, मान्य. पण १८० अंशांवरचे तेल असते, वाफ असते, ओली फरशी असते, आणि धुक्याचे काम एग्झॉस्ट पंख्याची घरघर चोख बजावते.

म्हणून ‘गरम’ एकटे सोडू नये. ते कुठून येते आहे ते त्यात असावे. ‘मागं गरम!’ ‘डावीकडं गरम!’ ‘कोपरा गरम!’ मागून जाताना हात रिकामे असले तरी ‘मागं!’ म्हणावे. सुरी घेऊन चालताना टोक खाली, सुरी मांडीलगत आणि तोंडाने ‘सुरी!’. गळतीसाठी ‘लीक!’ हा शब्द राखून ठेवावा आणि तो दुसऱ्या कशालाही वापरू नये. नळ गळत असला तरी त्याला गळतोच म्हणावे.

या हाकांमध्ये क्रियापद नाही, ते मुद्दामच. आपल्या भाषेत माणसाला थांबवायचे तरी आधी त्याचे वय आणि मान पाहावा लागतो. सतरा-अठरा वर्षांचा हेल्पर पन्नाशीच्या वस्तादाला ‘थांब’ म्हणू धजत नाही. ‘वस्ताद, जरा थांबा, मागं पातेलं आहे,’ असे तो अदबीने म्हणेपर्यंत वस्ताद वळलेला असतो. भाकरी थापणाऱ्या मावशींना ‘सरक’ म्हणवत नाही आणि ‘सरकता का मावशी’ म्हणायला सवड नसते. ‘मागं गरम’मध्ये ना ‘तू’ आहे ना ‘तुम्ही’. कुणाचा मान जात नाही, कुणाला माफी मागावी लागत नाही. मालकाचा मुलगा फोनवर बोलत मध्ये उभा असला, तरी त्यालाही तीच हाक.

भाषेचा प्रश्न राहतो. आपल्याकडच्या एकाच भटारखान्यात वस्ताद गढवालचा किंवा नेपाळचा, डोशाच्या तव्यावर आंध्रचा माणूस, भाकरीवर जवळच्या गावच्या मावशी आणि मोरीवर आणखी कुणी, हे चित्र नवे नाही. अशा ठिकाणी मराठी की हिंदी हा वाद घालत बसू नये. ‘मागं’ चालेल, ‘पीछे’ही चालेल, पण दोन्ही नको. जी हाक ठरेल ती मोरीवरच्या माणसापासून गल्ल्यावरच्या मालकापर्यंत सर्वांना त्याच आवाजात ठाऊक हवी. नव्या माणसाला पहिल्या दिवशी डबे कुठे आणि मीठ कुठे हे दाखवतात, त्याच्याही आधी या चार हाका म्हणून घ्याव्यात.

आता ओ. हाक दिली की आपले काम झाले, अशी बहुतेकांची समजूत असते. अर्धेच काम झालेले असते. ज्याला हाक दिली त्याने ‘ओ’ द्यायला हवा, आणि तो नुसता ‘हो, हो’ नको. ‘मागं गरम’ला ‘गरम’ असे उत्तर आले तर ऐकले, समजले आणि सरकतोय, हे तिन्ही कळते. उत्तर आले नाही तर पातेले घेऊन पुढे जायचे नाही, तिथेच थांबायचे. ऑर्डरचेही तसेच. ‘एक जैन, एक शेंगदाण्याशिवाय’ अशी हाक आली की आतून तीच परत यावी. आपल्या रश्श्यात, कोशिंबिरीत, चटणीत शेंगदाण्याचे कूट सवयीने पडते. ज्या गिऱ्हाइकाला शेंगदाणा बाधतो त्याच्यासाठी ती सवय जिवावरची ठरू शकते.

आधुनिक भटारखान्याची उतरंड बसवणारा फ्रेंच आचारी ऑग्युस्त एस्कॉफिए वयाच्या तेराव्या वर्षी काकांच्या उपाहारगृहात कामाला लागला. पुढे सैन्यातही स्वयंपाक करून आला. आरडाओरड आणि शिवीगाळ त्याला खपत नसे. ऑर्डर पुकारणाऱ्याला तिकडे ‘भुंकणारा’ म्हणत. त्याने ते नाव बदलून ‘जाहीर करणारा’ केले. आपल्याकडे अजून मोठा आवाज म्हणजे जरब, अशी समजूत आहे. ‘डोळे फुटलेत का?’ हा इशारा नव्हे. तो भाजल्यानंतरचा शेरा आहे. दिवसभर ओरडणाऱ्या वस्तादाचा आवाज पंख्याच्या घरघरीत जमा होतो आणि खरी वेळ येते तेव्हा तो कुणाला ऐकूच जात नाही.

नावांचेही पाहावे. ‘ए छोटू’ म्हटले की तिघे मान वळवतात, आणि ज्याने वळवायला हवी तो चौथा असतो. खरे तर छोटू भटारखान्यात असताच कामा नये. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेले आणि धाबे यांत कामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर जवळपास सर्वच कामांत चौदाखालचे मूल ठेवणे गुन्हा आहे. वयाने मोठ्या हेल्परलाही त्या नावाने हाक मारण्याची खोड मात्र गेलेली नाही. माणसाला त्याच्या नावाने हाक मारली की त्याची मान लगेच वळते. जिथे क्षणांचा प्रश्न आहे तिथे याला मोल आहे.

काही हाका मात्र मुळातच चुकीच्या आहेत. कढईतले तेल पेटले की आपल्याकडे पहिली आरोळी उठते ती ‘पाणी, पाणी!’. पाणी उकळत्या तेलात पडले की त्याची क्षणात वाफ होते, आकारमानाने सुमारे १,७०० पट. ती वाफ पेटते तेल छतापर्यंत उडवते. तिथे हाक हवी ‘झाकण!’. झाकण टाकायचे, आच बंद करायची, कढई हलवायची नाही. ‘लीक!’ ऐकल्यावरही प्रत्येकाचा हात बटनाकडे जातो, पंखा लावायला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, आणि बटनाची ठिणगी त्याला पुरते. रेग्युलेटर बंद, दारे-खिडक्या उघड्या, माणसे बाहेर, आणि १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला फोन. मुंबईत कुर्ल्याच्या सिटी किनारा हॉटेलात १६ ऑक्टोबर २०१५ रोजी गॅस सिलिंडरमुळे भडकलेल्या आगीत आठ जण गेले. ते जेवायला आलेले तरुण होते.

शिर्डीच्या साई प्रसादालयात एका वेळी साडेपाच हजार माणसे पंगतीला बसू शकतात आणि तिथल्या गच्चीवरच्या ७३ सौर तबकड्या २००९ पासून स्वयंपाकासाठी वाफ पुरवत आहेत. एवढ्या पसाऱ्यात तोंडची हाक पुरणार नाही, हे उघड आहे. तिथे घंटा, दिवा, हाताची खूण हवी. आपल्यातल्या बहुतेकांची जागा मात्र दहा-बारा माणसांची असते आणि तिथे हाक पुरेशी आहे. त्यासाठी खर्च नाही, परवाना नाही. अन्नसुरक्षेच्या फॉस्टॅक प्रशिक्षणात आपण पर्यवेक्षक पाठवतो, तळणाच्या तेलातले एकूण ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर जाऊ नयेत म्हणून तेल तपासतो. हाकांचे प्रशिक्षण मात्र अजून कुणी मागितलेले नाही आणि दिलेलेही नाही.

भाजलेच तर टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नये. वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावे, बर्फ नको. हे वाक्य मोरीच्या वर, डोळ्यांसमोर, मोठ्या अक्षरांत चिकटवावे.

रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमी हे शिर्डीचे तीन मोठे उत्सव. त्यांच्या आधीच्या आठवड्यात नवी माणसे भरली जातात आणि त्याच आठवड्यात सर्वांत जास्त जण भाजतात, असे जुने वस्ताद सांगतात. दुपारी तीन ते पाच भटारखाना शांत असतो. त्यातली पंधरा मिनिटे काढून सर्वांना एकत्र बसवावे, आपल्या हाका ठरवाव्यात, एकमेकांकडून ‘ओ’ म्हणवून घ्यावा आणि रिकामे पातेले उचलून एकदा फिरून पाहावे. ज्या हॉटेलांनी हे केले, त्यांनी आपल्याकडे कोणते शब्द ठरले ते या मासिकाला कळवावे. पुढच्या अंकात ते राहाता तालुक्यातल्या हॉटेलचालकांसाठी छापले जातील.