नोटीस आली की आधी फाइल उघडा

चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावात संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापक आणि शिक्षक एकमेकांना शाळेबाहेरही रोज भेटतात. त्यामुळे एखाद्या शिक्षकाला ‘उद्यापासून येऊ नका’ म्हटलं, की प्रकरण नोकरीपुरतं राहत नाही, मानापमानाचं होतं. शाळा न्यायाधिकरणाची नोटीस आली, की कार्यकारिणीत एकच सूर उमटतो: आता माघार नाही. हा हट्टच संस्थांना बुडवतो.

खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. आरोप लेखी द्यायचे, खुलासा घ्यायचा, मग तीन जणांची चौकशी समिती नेमायची. त्यात एक सदस्य संस्थेचा, एक कर्मचाऱ्याने निवडलेला आणि तिसरा पुरस्कारप्राप्त शिक्षक. चौकशी साधारणपणे १२० दिवसांत संपवायची. बडतर्फ कर्मचाऱ्याला शाळा न्यायाधिकरणाकडे अपिलासाठी ३० दिवस मिळतात. राजीनाम्याचीही रीत ठरलेली आहे: दोन प्रती, दोन्हींवर तारीख घालून सही. ऑफिसात बसवून लिहून घेतलेला राजीनामा पुढे संस्थेच्याच अंगाशी येतो.

दीपाली सुरवसे प्रकरण प्रत्येक संस्थाचालकाने वाचावं. तेव्हाच्या औरंगाबादेतल्या या प्राथमिक शिक्षिकेला नोव्हेंबर २००६ मध्ये निलंबित केलं गेलं. शिक्षणाधिकाऱ्यांनी निलंबनाला मान्यता दिली नाही, शिक्षिकेला रुजू करून घ्यायला सांगितलं. संस्थेने ऐकलं नाही आणि जून २००७ मध्ये त्यांची सेवा संपवली. न्यायाधिकरणाने २००९ मध्ये तो आदेश रद्द करून पूर्ण मागील वेतन मंजूर केलं. उच्च न्यायालयात वेतनाचा भाग रद्द झाला, पण १२ ऑगस्ट २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा दिला. चार महिन्यांत रक्कम न दिल्यास नऊ टक्के व्याजही लावलं. या काळात इतरत्र कमाई नव्हती असं कर्मचाऱ्याने सांगितलं, की उलट सिद्ध करण्याचा भार संस्थेवर येतो, हेही याच निकालाने स्पष्ट केलं. रुजू करून घ्या, असं सांगणारं शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र मानलं असतं, तर इतक्या वर्षांच्या न शिकवलेल्या वर्गांचा पगार संस्थेला मोजावा लागला नसता.

म्हणून नोटीस आली की वकिलाकडे जाण्याआधी फाइल उघडा. आरोपपत्र, खुलासा, चौकशीचं इतिवृत्त, टपालाच्या पोचपावत्या, निलंबनकाळातला निर्वाह भत्ता दिल्याची नोंद, हे सगळं जागेवर असेल तर ठामपणे लढा. गैरवर्तन सिद्ध झालेल्याला घरी पाठवण्याचा अधिकार कायद्याने तुम्हाला दिला आहे. काही नसेल तर मागच्या तारखेचा कागद मुळीच तयार करू नका. आदेश मागे घ्या, कर्मचाऱ्याला रुजू करून घ्या आणि आरोप खरे वाटत असतील तर चौकशी नियमाप्रमाणे नव्याने सुरू करा. केलेल्या कामाचा पगार वादात अडकवू नका. त्याच्या बाजूने बोलणाऱ्या सहकाऱ्यांना छळू नका.

मागील वेतन संस्थेच्या अनुदानातून कापण्याची शिफारस न्यायाधिकरण सरकारला करू शकतं. पैसा गेला की झळ मुलांना लागते. अध्यक्षांनो, चूक पहिल्या महिन्यातच दुरुस्त करा. तेव्हा दुरुस्ती सर्वांत स्वस्त असते आणि तीच न्यायाची वाट आहे.