विश्लेषण : गेममध्ये विकत घेतलेले गाणे कायमचे आपले का नसते?

गाणी ऐकणे आणि गेम खेळणे हे आता दोन वेगळे छंद राहिलेले नाहीत. अनेक संगीतप्रेमींच्या कानावर नवे गाणे पहिल्यांदा गेममध्येच पडते आणि आवडले की तिथेच विकतही घेतले जाते. मात्र काही वर्षांनी तेच गाणे गेममधून नाहीसे होऊ शकते. पैसे मोजूनही असे का होते?

गेम आणि संगीत एकत्र कसे आले?

जपानच्या कोनामी कंपनीने १९९८ मध्ये ‘डान्स डान्स रिव्हॉल्यूशन’ आणला. पडद्यावरील बाण पाहून ठेक्यावर पाय टाकायचे, असा हा खेळ. २००५ मध्ये ‘गिटार हिरो’ने हातात गिटारच्या आकाराचा कंट्रोलर दिला. २००७ मध्ये ‘रॉक बँड’ने त्यात ड्रम आणि गायनाची भर घातली. त्याच वर्षी आलेल्या ‘ओसू!’मध्ये तर गाण्याच्या ठेक्यावर कुठे क्लिक करायचे, याचा नकाशा खेळाडू स्वतः तयार करतात.

पुढचे पाऊल म्हणजे गेममधली मैफल. करोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटचा कार्यक्रम ‘फोर्टनाइट’मध्ये झाला. पहिल्याच प्रयोगाला एकाच वेळी १ कोटी २३ लाख खेळाडू हजर होते. एवढा श्रोता कोणत्याही मैदानात मावला नसता.

मग गाणी गायब का होतात?

गेम कंपनी सहसा गाण्याची मालक नसते. एका गाण्यासाठी तिला किमान दोन परवाने लागतात. एक चाल आणि शब्दांच्या हक्काचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. हे हक्क बहुधा वेगवेगळ्या कंपन्यांकडे असतात आणि परवाने अनेकदा ठरावीक मुदतीचे असतात. मुदत संपली की नव्याने वाटाघाटी आणि नव्याने पैसे. जुन्या गेमची विक्री तोवर मंदावलेली असते, त्यामुळे कंपनीला नूतनीकरण परवडत नाही. मग गाणे काढणे किंवा गेमची विक्रीच थांबवणे, हे दोन पर्याय उरतात.

प्रत्यक्षात असे कुठे घडले?

‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ला दहा वर्षे झाली तेव्हा, एप्रिल २०१८ मध्ये, त्यातील रेडिओ केंद्रांवरची अनेक गाणी वगळली गेली. गेम आधीच विकत घेतलेल्यांकडूनही ती अपडेटद्वारे गेली. खेळात गाडी चालवताना लागणाऱ्या रशियन केंद्राचा तर नूरच पालटला.

‘गिटार हिरो लाइव्ह’चे उदाहरण अधिक बोलके आहे. त्यातील बहुतांश गाणी ऑनलाइन सेवेतून वाजत. १ डिसेंबर २०१८ रोजी ती सेवा बंद झाली आणि ४८४ गाण्यांपैकी डिस्कवरची फक्त ४२ उरली. बाकीच्या गाण्यांवर केलेला सराव तिथेच थांबला. ‘रॉक बँड ४’देखील दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, परवान्यांमुळे विक्रीतून बाहेर गेला. ज्यांनी तो आधी घेतला होता, त्यांना मात्र खेळता येतो.

‘विकत घ्या’ या बटणाचा अर्थ काय?

बहुतेक ठिकाणी हे बटण दाबल्यावर वस्तू नव्हे, तर वापरण्याची परवानगी मिळते. हे अटींमध्ये लिहिलेले असते, पण त्या अटी वाचतो कोण? म्हणूनच अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून नवा नियम लागू केला. ग्राहकाला केवळ परवाना मिळणार असेल, तर विक्रेत्याने ते स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’सारखा शब्द वापरू नये. कायमस्वरूपी डाउनलोड करून ऑफलाइन वापरता येणाऱ्या वस्तूंना यातून सूट आहे. हा कायदा गाणे वाचवत नाही. काय मिळणार आहे, ते आधी कळेल एवढीच हमी देतो.

भारतातील श्रोत्यांचा याच्याशी काय संबंध?

‘रेसो’ हे संगीत ॲप जानेवारी २०२४ अखेर भारतात बंद झाले. त्याच वर्षी एअरटेलने ‘विंक म्युझिक’ही गुंडाळले. ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी ॲपबाहेर वाजत नाहीत, त्यामुळे ॲप गेले की तीही जातात. वर्षानुवर्षे जमवलेली प्लेलिस्ट नव्या ठिकाणी पुन्हा जुळवावी लागते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचा समावेश आहे. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारी अट ‘अनुचित करारा’त मोडू शकते. मात्र मुदत संपलेला परवाना हे कंपनीसाठी वाजवी कारण ठरू शकते. खरी अडचण तिथेच आहे.

श्रोत्यांनी काय करावे?

भाड्याचे काय आणि मालकीचे काय, हे आधी ओळखावे. मासिक वर्गणी म्हणजे भाडे. गेममधले गाणे म्हणजे बहुतेक वेळा लांब मुदतीचे भाडे. जे गाणे जन्मभर हवे, ते सीडीवर किंवा कोणत्याही ॲपमध्ये वाजणाऱ्या फाइलच्या रूपात घ्यावे. प्लेलिस्टमधील गाण्यांची यादी वेगळी लिहून ठेवावी. ॲप बंद झाले तरी, काय शोधायचे ते हाताशी राहील.