आधी झेल, मग षटकार

भातकापणी आटोपली की गोव्याच्या मोकळ्या शेतांत मुलांचे क्रिकेट सुरू होते. चिरे रचून यष्ट्या उभ्या राहतात. बॅट नसेल तर माडाच्या चुडताचा रुंद देठ तासून ती बनविली जाते. ही हौस कोणी शिकवावी लागत नाही. शिकवावे लागते ते पुढचे, आणि नेमके तेच आमच्या बहुतेक प्राथमिक शाळांतून शिकविले जात नाही. खेळाच्या तासाला बॅट-चेंडू मुलांच्या हवाली होतो आणि गुरुजी हजेरीपट घेऊन बसतात. एक दांडगा मुलगा तासभर फलंदाजी करतो, दुसरा दांडगा गोलंदाजी. उरलेली बालके उन्हात खांबासारखी उभी. मुली बहुधा व्हरांड्यातच. याला खेळाचा तास म्हणावयाचे काय?

आमच्या मते आरंभ क्षेत्ररक्षणापासून व्हावा. त्याला खर्च जवळजवळ नाही आणि त्यात कोणालाच पाळीची वाट पाहावी लागत नाही. मुलांच्या जोड्या करून त्यांना पाच-सहा पावलांवर समोरासमोर उभे करावे आणि मऊ चेंडू खालच्या हाताने टाकावयास सांगावे. करंगळ्या जुळवून ओंजळ करणे, चेंडू ओंजळीत विसावेपर्यंत नजर न हलविणे आणि तो येताच हात अंगाकडे मागे घेणे, एवढ्यात झेल आला. ताठ हातांवर आदळलेला चेंडू उसळून पडतो, हे मुलांना दोनदा फसल्यावर आपोआप कळते. सरपटत येणारा चेंडू अडविताना एक गुडघा दुसऱ्या पायाच्या टाचेशी टेकून आडवा बांध घालावयाचा असतो. बांध म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगण्याची गरज पडू नये.

हे काम दुय्यम मानणाऱ्यांनी एकनाथ सोलकरांना आठवावे. मुंबईच्या हिंदू जिमखान्यावरील माळ्याचा हा मुलगा; शिरस्त्राणाशिवाय फलंदाजाच्या अगदी पुढ्यात उभा राहून त्याने २७ कसोटी सामन्यांत ५३ झेल टिपले.

फलंदाजीत पहिली चूक वडीलधारेच करतात. थोरल्या भावाची जड बॅट धाकट्याच्या हाती देतात. वरच्या हाताला ती पेलत नाही, खालचा हात सारा जोर लावतो आणि मूल प्रत्येक चेंडू आडव्या बॅटने झोडपू लागते. ही खोड पुढे निष्णात प्रशिक्षकालाही मोडणे जड जाते. हलकी बॅट, रबरी चेंडू आणि बावीस यार्डांहून बरीच आखूड खेळपट्टी हवी. आधी स्थिर ठेवलेला चेंडू सरळ बॅटने जमिनीलगत टोलवावा, मग एक टप्पा पडून आलेला. सुमारे १६० ग्रॅमच्या कातडी चेंडूची या वयात घाई कशाला? चित्रवाणीवरील वीस षटकांच्या सामन्यांनी षटकाराचे वेड लावले आहे खरे. पण डोके स्थिर न ठेवणाऱ्याचा षटकारही नशिबाचाच असतो.

१९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये ६४२ धावा करणारे दिलीप सरदेसाई मडगावात जन्मले, परंतु क्रिकेटपटू म्हणून घडले ते मुंबईत. त्यानंतर गोव्याचा संघ १९८५-८६ पासून रणजी स्पर्धेत खेळू लागला आणि गोव्याकडून खेळणारी शिखा पांडे २०१४ साली भारतीय संघात पोहोचली. वरच्या पायऱ्या तयार आहेत. खेड्यातील शाळेची पायरी मात्र अद्याप कच्चीच आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण आणि खेळाचे साहित्य आवश्यक ठरविले. एकशिक्षकी शाळेत दहा-बारा मुले असताना अकरांचा संघ कोठून आणावा, असा प्रश्न शिक्षक विचारतील. संघ हवाच कशाला? सहा जोड्या पुरेत. शिक्षण खात्याने जूनमध्ये पाठ्यपुस्तकांबरोबर प्रत्येक शाळेला डझनभर रबरी चेंडू आणि चार हलक्या बॅटी पाठवाव्यात, शिक्षकांना दोन दिवसांचे प्रात्यक्षिक द्यावे आणि एकच नियम घालावा: सहा चेंडू खेळून झाले की बॅट पुढच्या मुलाच्या, अथवा मुलीच्या, हाती द्यावयाची.