झील धरणाऱ्यांची नावं

भाऊबीज उलटली की तुमसर तालुक्यात मंडया भरू लागतात. सिहोऱ्याच्या पंचक्रोशीत, इकडे चांदपूरच्या तलावापासून तिकडे बावनथडीच्या काठापर्यंत, गावोगावची मंडई वेगवेगळ्या दिवशी असते. त्यामुळे पाहुण्यांना आज या गावी, उद्या त्या गावी जाता येतं. हलका धान कापून झालेला, भारी धान अजून बांधीत उभा. हातात थोडा पैसा, थोडी सवड. गोवारी ढाल घेऊन नाचत येतात, शिंगाड्यांचे ढीग लागतात, लग्नाच्या पोरापोरींच्या गोष्टी निघतात. दिवसा खडी गंमत किंवा दंडार, रात्री नाटक. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीतलं सगळं जुनं गाणं-बजावणं या वेळापत्रकावर बसवलेलं आहे.

खडी गंमत ही पूर्व विदर्भाची जुनी करमणूक. तिकडे पुणे-सातारा-नगरच्या बाजूला तमाशाला तंबू आणि तिकीट मिळालं; इकडे गंमत मोकळ्यावरच राहिली. चौकात मांडव, खाली सतरंजी, आणि मूठभर माणसांनी उभ्यानं गायचं-नाचायचं. शाहीर पुढे, बाईचं सोंग घेतलेला नाच्या त्याच्या बाजूला, मागे ढोलकी, डफ, तुणतुणं, झांज. आधी गण, मग गौळण, मग लावणी, मग एखादी कथा. दोन पार्ट्या बोलावल्या की 'दुय्यम' सामना होतो. एक कलगीवाला, म्हणजे शक्तीची बाजू. दुसरा तुरेवाला, म्हणजे शिवाची. एकानं कोड्यात सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातच तो सोडवायचा. सवाल सुटला नाही तर पुढच्या मंडईपर्यंत त्याची चर्चा पानठेल्यावर चालते.

जुन्या शाहिरांच्या आठवणी निघाल्या की बोललं जातं ते आवाजाबद्दल आणि हजरजबाबीपणाबद्दल. त्यात खोटं काही नाही, पण ते अर्धंच आहे. शाहीर ओळ टाकतो आणि दम घेतो. तेवढ्यात ती ओळ मागच्या झीलकऱ्यांनी उचललेली असते. ते ती वर नेतात, लांबवतात आणि शाहिराला पुढची ओळ आठवेपर्यंत हवेत धरून ठेवतात. शाहीर विसरला तर आणखी एक फेरा घेतात, आणि समोर बसलेल्या हजार माणसांना काही कळत नाही. रात्रभर गाणाऱ्या शाहिराचा गळा सकाळपर्यंत टिकतो त्याचं निम्मं श्रेय या मागच्या माणसांचं आहे.

वाद्यांचंही तसंच. तुणतुण्याला एकच तार. खुंटी पिळून ती शाहिराच्या सुराशी जुळवायची आणि मग कार्यक्रम संपेपर्यंत एकाच सुरावर बोट चालवायचं. वाजवणाऱ्याकडे कोणी पाहत नाही, पण तो थांबला की गाणारा दोन ओळींत सुरावरून घसरतो. डफाचं कातडं बकरीचं. कार्तिकातलं दव पडलं की ते ढिलं होतं आणि थाप भद्द वाजते. मग डफवाला उठतो, मांडवाच्या बाजूला तणसाचा जाळ करतो, डफाचं तोंड जाळाकडे धरून गोल फिरवत राहतो, मधूनच टिचकी मारून कान लावतो, पुन्हा फिरवतो. एका जागी धरला तर कातडं करपतं. घाईनं उचलला तर गौळण संपायच्या आत परत उतरतो. हे शहाणपण कुठल्या पुस्तकात नाही. ते एका डफवाल्याकडून दुसऱ्याकडे शेकोटीपाशीच जातं. ढोलकीवाला त्याहून लहरी. एका तोंडाला शाई, दुसऱ्याला आतून मसाला, आणि दोरीतल्या कड्या सरकवत सूर चढवायचा. तोवर शाहिरानं लोकांना दोन विनोद सांगून थोपवून धरायचं.

आता मंडईच्या पत्रकाकडे येऊ. ही पत्रकं जमवण्याचा आणि वाचण्याचा या सदराचा छंद जुना आहे, आणि यंदाही त्यांनी निराश केलेलं नाही. वर देवाचं नाव. त्याखाली उद्घाटक. मग सहउद्घाटक, हे दोन किंवा तीन. मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक. दिवा एक आणि लावणारे सात, म्हणजे काडीपेटी नेमकी कोणाच्या हातात द्यायची हा प्रश्न आयोजकांनी ऐनवेळेवर सोडलेला. त्यानंतर विशेष अतिथी, प्रमुख अतिथी आणि नुसते अतिथी; त्यांच्यातला फरक फक्त ज्यांचं नाव चुकीच्या रांगेत पडलं त्यांनाच कळतो. काही पत्रकांवर फोटोही असतात आणि ते नावांच्या मोठेपणाप्रमाणे लहानमोठे होत जातात. सगळ्यात खाली 'विनीत : समस्त गावकरी'. आणि या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी एका ओळीत कार्यक्रम : शाहीर अमुक आणि त्यांचा संच.

'आणि त्यांचा संच' या तीन शब्दांत ढोलकीवाला, डफवाला, तुणतुणेवाला, झांजवाला, झीलकरी आणि नाच्या असे सगळे बसवलेले असतात. नाटकाच्या जाहिरातीची तऱ्हाही फार वेगळी नाही. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी नाटकांचं बाजारपेठेचं गाव. कंपन्यांची कार्यालयं तिथे, तारखा तिथेच ठरतात. जाहिरातीत नायक-नायिकेचं नाव ठळक, मुंबईहून कोणी आलं असेल तर त्याहून ठळक. पण नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होऊन उजाडेपर्यंत चालतं ते गाण्यांवर, आणि गाणी चालतात रंगमंचापुढे बसलेल्या ऑर्गनवाल्यावर आणि तबलजीवर. नटाला झोप आली तर त्याला विंगेत डुलकी काढता येते. ऑर्गनवाल्याला ती सोय नाही. 2023 साली गडचिरोली जिल्ह्यातले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या झाडीपट्टीला आनंद झाला आणि तो रास्तच होता. वादकांपर्यंत मात्र असला मान सहसा पोचत नाही.

वादकाचं नाव राहिल्याचं उदाहरण बघायला दूर जावं लागतं. अमेरिकेत ज्याला कंट्री म्युझिक म्हणतात ते असंच खेड्यापाड्यातलं, शेतकऱ्यांचं आणि खाणकामगारांचं गाणं. नॅशव्हिल शहरातल्या एका रेडिओ केंद्रानं 28 नोव्हेंबर 1925 रोजी शनिवार रात्रीचा जो कार्यक्रम सुरू केला, तो पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' या नावानं जगभर गाजला आणि शंभर वर्षांनंतरही चालू आहे. त्या पहिल्या रात्री मायक्रोफोनपुढे बसला होता तो सत्तरी ओलांडलेला एक खेडवळ फिडलवादक, अंकल जिमी थॉम्पसन. गायक नव्हे, वादक. आणि त्याचं नाव आजही इतिहासात आहे. 1927 मध्ये ब्रिस्टल गावात ध्वनिमुद्रणवाले आले, तेव्हा कार्टर कुटुंबाचं गाणं आणि त्यांच्यातल्या मेबेल कार्टरची गिटार दोन्ही तबकडीवर गेली. ती गिटार वाजवण्याची ढब पुढच्या पिढ्यांनी त्या तबकड्या ऐकून उचलली.

आपल्याकडे नागपूरचं आकाशवाणी केंद्र 16 जुलै 1948 रोजी सुरू झालं. लोकसंगीताच्या कार्यक्रमांमुळे बऱ्याच शाहिरांचे आवाज खेड्यांतल्या रेडिओपर्यंत पोचले. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडारीसारख्या कलांचा अभ्यास करून त्यांना कागदावर जागा दिली. शब्द असे थोडेफार वाचले. डफ शेकण्याची रीत आणि झील उचलण्याची वेळ कागदावर उतरत नाही. ती माणसाबरोबर जाते.

एक वाद्य मात्र या भागात ठणठणीत आहे, ते म्हणजे खंजिरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ती हातात घेऊन गावोगाव भजनं केली आणि त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळामुळे ती विदर्भाच्या खेड्यांत पोचली. 1968 साली महाराज गेले, तरी भजनाची मंडळं चालू आहेत, स्पर्धा भरतात, शाळेतली पोरंही वाजवतात. याचं कारण भक्तीइतकंच व्यवहाराचं आहे. खंजिरी स्वस्त, पिशवीत मावते, पंधरा दिवसांत हाताला बसते आणि तिला तारखांची वाट पाहावी लागत नाही. दर आठवड्याला प्रार्थना असतेच. खडी गंमतीच्या वादकाला वर्षातले मोजके दिवस काम. उरलेल्या दिवसांत रोवणी, कापणी, नाहीतर गवंड्याच्या हाताखाली जाणं. मुलानं बापाची ढोलकी का उचलली नाही, हे त्याला विचारायची गरज नाही.

त्यात एका माणसाचा कीबोर्ड पाच माणसांचं काम करतो. ढोलकीचा आवाज त्यात आहे, झांजेचा आहे, टाळ्यांचासुद्धा आहे. आयोजकांचे पैसे वाचतात आणि टेम्पोत जागा उरते. पण यंत्राला शाहीर अडखळलेला कळत नाही. ते पुढे निघून जातं आणि शाहीर मागे राहतो. असे प्रसंग हल्ली मंडईत दिसतात आणि लोक त्यावर हसतात, तेही विनोदाचाच भाग समजून.

शासनाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे. आता ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं चालते. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या, उत्पन्न कमी असलेल्या कलावंताला ती लागू होते. 2024 पासून मानधन सरसकट महिना 5000 रुपये झालं. निवड जिल्ह्याची समिती करते. अर्जाबरोबर कलेच्या कामाचे पुरावे जोडावे लागतात : प्रमाणपत्रं, वर्तमानपत्रांची कात्रणं, कार्यक्रमांची पत्रकं. इथे गाडी पुन्हा त्याच पत्रकावर येते. शाहिराकडे त्यांचा गठ्ठा असतो. तीस वर्षं त्याच्यामागे तुणतुणं धरून उभ्या असलेल्या माणसाकडे दाखवायला काय आहे? 'आणि त्यांचा संच'.

तेव्हा ज्या गावांची मंडई अजून व्हायची आहे आणि पत्रक छापखान्यात जायचं आहे, तिथल्या मंडळींनी एवढं करावं : शाहिराला फोन करून संचातल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, गाव आणि वाद्य विचारून घ्यावं आणि ते पत्रकात छापावं. जागा कमी पडत असेल तर दीपप्रज्वलक पाच कमी करावेत.