चिकटविण्याची विद्या

संगणकावर एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसऱ्या ठिकाणीं चिकटविणें हें काम इतकें क्षुल्लक समजलें जातें कीं, तें शिकण्याची आवश्यकता कोणासहि वाटत नाहीं. आमच्या मतें हा समज विद्यार्थ्यांस हानिकारक आहे.

ब्राम मूलेनार यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेला 'व्हिम' हा संपादक पाहा. त्यांत माऊसला हात न लावतां सर्व काम कळफलकावरच होतें. 'वाय' दोनदां दाबली कीं ओळीची नक्कल घेतली जाते; 'डी' दोनदां दाबली कीं ओळ कापली जाते; आणि 'पी' दाबतांच उचललेली ओळ चालू ओळीखालीं येते. मोठा 'पी' दिल्यास ती वर येते. आधीं ३ हा आंकडा दिला तर तीन प्रती उमटतात.

नवशिक्यास येथें एक ठेंच हटकून लागते. नक्कल घेतल्यावर त्यानें मध्येंच दुसरी ओळ कापली, तर 'पी' दाबतांच कापलेली ओळच पुढें उभी राहते, आणि तो साधनास दोष देऊं लागतो. वस्तुतः त्याची नक्कल शून्य क्रमांकाच्या कप्प्यांत सुरक्षित असते. दुहेरी अवतरणचिन्ह, शून्य आणि 'पी' या कळा क्रमानें दाबल्या कीं ती परत मिळते. शिवाय 'ए' पासून 'झेड' पर्यंत सव्वीस कप्पे स्वतःच्या योजनेप्रमाणें वापरतां येतात. कप्प्याचें नांव लहान अक्षरानें दिलें तर त्यांतील जुना मजकूर जाऊन नवा येतो; मोठ्या अक्षरानें दिलें तर जुन्यांत नव्याची भर पडते.

कोणी म्हणतील, एवढ्या खटाटोपापेक्षां माऊस बरा. क्वचित् चार ओळी लिहिणाऱ्यास हें म्हणणें शोभेल. परंतु ज्यास रोज शेंकडों ओळी हाताळावयाच्या आहेत, त्याचा हात वारंवार कळफलकावरून उठला तर विचाराचा धागाहि तुटतो.

याहून मोठा लाभ निराळाच आहे. काय उचललें, कोठें ठेवलें आणि कोठें लावावयाचें, हें मनाशीं ठरविल्यावांचून कप्प्यांचा उपयोग करतांच येत नाहीं. आज निबंधांत परक्यांचीं वाक्यें न वाचतांच चिकटविलीं जातात, ही गोष्ट कोणापासून लपलेली नाहीं. कोणताहि संपादक मनुष्यास प्रामाणिक करूं शकत नाहीं, हें आम्ही जाणतों. पण चिकटविण्यापूर्वीं क्षणभर थांबण्याची संवय तो खास लावूं शकतो.

म्हणून शाळांच्या संगणकवर्गांत या विद्येस थोडा वेळ अवश्य द्यावा, अशी आमची नम्र सूचना आहे. हातीं आलेलें साधन नीट जाणून घेणें हा ईश्वरदत्त बुद्धीचा सदुपयोगच होय.