टुनटुनचं श्रेय

चळवळीतल्या बायकांना विनोद कळत नाही, हे आपण सगळ्याजणींनी ऐकलेलं आहे. १९५५ सालच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये तर घटस्फोटाचा हक्क मागणाऱ्या सीतादेवीलाच खलनायिका केलं होतं. त्याच चित्रपटात टुनटुनही आहे. हक्क मागणारी बाई आणि जाडी बाई, हसायला दोन्ही सोयीच्या!

टुनटुन म्हणजे उमादेवी खत्री. आईबापाविना वाढलेली ही मुलगी उत्तर प्रदेशातून मुंबईला आली. नौशाद यांच्या संगीतात १९४७ च्या 'दर्द'साठी गायली आणि गाजली. पुढे गाणं मागं पडलं. १९५० च्या 'बाबुल'पासून तिनं पडद्यावर काम केलं आणि हिंदी चित्रपटातली पहिली विनोदी अभिनेत्री म्हणून नाव मिळवलं.

तिच्यासाठी लिहिलेले विनोद बहुतेक तिच्या देहावरचेच. ते मला आजही खटकतात. पण तिचं काम नीट पाहा. ती अंग चोरत नाही, खालच्या मानेनं बोलत नाही. लाजते, रुसते, दरडावते, प्रेमही करते, आणि हशा नेमका कुठे येणार हे तिला पक्कं ठाऊक असतं. हे कसब तिचं स्वतःचं, लेखकानं दिलेलं नव्हे.

२००३ साली ती गेली. तिचं नाव मात्र जाड्या मुलींना चिडवायला उरलं. मैत्रिणींनो, विनोदातला अपमान आपण दाखवत राहूच. पण तो विनोद पेलणाऱ्या कलावतीचं श्रेयही तिच्या पदरात घालूया.